ॲक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टी

गाडीत नवा स्टिरिओ बसतो, डिकीत अँप आणि वूफर येतो, आणि इंजिन सुरू करताच स्पीकरमधून गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो, इंजिन बंद केले की ती थांबते. दुकानात यावर तयार उपाय असतात: फिल्टर लावा, भारी केबल घ्या, नाहीतर अँपच बदला. यातल्या एखाद्याने गुण येतोही, पण तो का आला हे कोणालाच सांगता येत नाही. या शिट्टीचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असते, आणि ते शोधायला एक साधा मल्टीमीटर आणि थोडा धीर पुरतो. कारण शोधण्याआधी फिल्टर विकत घेणे म्हणजे रोग न तपासता औषध देणे, आणि गाडीच्या बाबतीत त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते.

पहिला पुरावा खुद्द त्या सुरात आहे. अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि सहा डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात. ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. बारा ध्रुवांच्या नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेरीत अशा ३६ लाटा येतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत चालू असेल आणि पुलीमुळे रोटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला १,२०० लाटा होतात. इंजिन २,४०० फेऱ्यांवर गेले की ३,६००. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून रस्त्यावर गाडी नेहमीच्या वेगाने चालत असताना ही क्षीण लाट नेमकी कानात घुसते. इंजिनाच्या फेऱ्यांशी सूर असा बांधलेला असेल, तर आवाजाचा उगम अल्टरनेटर आहे याबद्दल फारशी शंका राहत नाही. पण उगम कळला म्हणजे दोष कळला असे होत नाही. या लाटा चांगल्या अल्टरनेटरमध्येही असतात, कंपनीच्या मूळ स्टिरिओलाही त्याच विजेवर चालावे लागत होते, आणि तो मात्र शिट्टी मारत नव्हता.

फरक पडतो तो अर्थच्या दोन जागांमुळे. मूळ स्टिरिओत रेडिओ आणि त्याचा अँप एकाच डब्यात असतात, दोघांचा अर्थ एकच. नव्या मांडणीत हेड युनिटचा, म्हणजे पुढच्या स्टिरिओचा, अर्थ डॅशबोर्डमागे जातो आणि अँपचा डिकीत, बॉडीच्या पत्र्याला. वायरमनच्या हिशेबी पत्रा म्हणजे शून्य व्होल्ट, मग तो पुढचा असो की मागचा. पण गाडीची बॉडी ही अल्टरनेटर, दिवे, पंखे, पंप या सगळ्यांच्या विजेची परतीची वाट आहे. नदी वाहते आहे म्हणजे तिच्या दोन घाटांवर पाण्याची पातळी सारखी नसणारच. वीज वाहत असलेल्या पत्र्याचेही तसेच. पोलादाचा रोध तांब्याच्या अनेक पट असतो, त्यात वेल्डिंगचे सांधे, रंगाचा थर, बोल्टखालचा गंज यांची भर पडते. समजा दोन अर्थांच्या मधल्या वाटेचा रोध फक्त १ मिलिओहम आहे आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहात ५ अँपिअरचा चढउतार होतो आहे, तर दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक थरथरत राहील. हेड युनिट आणि अँप यांना जोडणाऱ्या आरसीए केबलचे शील्ड या दोन ‘शून्यां’ना जोडते, त्यातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो, आणि शील्डवर पडणारा हा फरक अँपला गाण्याचाच भाग वाटतो. हेड युनिट जास्तीत जास्त २ व्होल्ट देत असेल तर ५ मिलिव्होल्ट हा चारशेवा हिस्सा झाला. मोठ्या आवाजात तो बुडून जातो. हळू आवाजात गाणे क्षीण होते, शिट्टी मात्र तेवढीच राहते, म्हणून दोन गाण्यांमधल्या शांततेत ती सर्वांत जास्त बोचते.

यावर अनुभवी कारागीर आक्षेप घेतात की केबल हवेतूनच आवाज पकडते, म्हणून बॅटरीची जाड वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. या म्हणण्याला जुना आधार आहे. १९३० मध्ये शिकागोत गॅल्व्हिन बंधूंनी गाडीतला रेडिओ बाजारात आणला तेव्हा स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची रेडिओतली खरखर दाबणे हीच मोठी डोकेदुखी होती, आणि ती हवेतूनच येत असे. आता प्लगच्या वायरींमध्येच रोध घातलेला असतो. शिवाय ठिणगीचा आवाज टकटक, खरखर असा येतो, सलग सुराचा येत नाही. आणि डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो, तरी शिट्टी तीच. जाड वायरीजवळून आरसीए नेल्यास चुंबकीय क्षेत्रामुळे थोडा आवाज येऊ शकतो, त्यामुळे वायरी वेगळ्या नेण्याची सवय चांगलीच आहे. पण अर्थ सदोष असेल तर वायरींची बाजू बदलून शिट्टी जात नाही, आणि सीट-कार्पेट उचकटून केलेली दिवसभराची मेहनत वाया जाते.

निदानाची खरी रीत एकेक दुवा काढून बघण्याची आहे. आधी आवाज कमी-जास्त करावा. त्यासोबत शिट्टीही कमी-जास्त झाली तर ती हेड युनिटच्या आधीच्या टप्प्यात शिरते आहे, बहुधा फोनच्या ऑक्स वायरीतून. फोन चार्जरवरून काढताच शिट्टी थांबली, तर चार्जर आणि ऑक्स मिळून तेच अर्थचे वर्तुळ तयार करत होते. शिट्टी आवाजासोबत बदलली नाही तर ती हेड युनिटनंतर शिरते आहे. मग सिस्टीम पूर्ण बंद करून अँपच्या बाजूने आरसीए काढावी आणि पुन्हा चालू करून ऐकावे. चालू सिस्टीमवर ती कधीही उपसू नये. काही हेड युनिटमध्ये आरसीएच्या अर्थमार्गावर एक नाजूक फ्यूज असतो, तो तेवढ्यानेही उडतो आणि आधी नसलेली शिट्टी कायमची मागे लागते. आरसीए काढल्यावर शांतता झाली तर अँप निर्दोष आहे. आता मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना, हेड युनिटचा धातूचा डबा आणि अँपचा अर्थ यांच्यात मोजावे. तिथे काही मिलिव्होल्ट दिसले की दोषी सापडला. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर जाड, आखूड वायर घट्ट कसणे आणि हेड युनिटचा अर्थही तसाच नीट देणे, एवढ्यावर बऱ्याच गाड्या गप्प होतात. अँपचा गेन गरजेपेक्षा जास्त वर असेल तर तोही खाली आणावा, कारण तो गाण्याबरोबर शिट्टीलाही मोठे करतो. अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावा असेही सुचवतात. अनेक नव्या गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्याला वगळून वायर जोडली तर चार्जिंगचा हिशेबच चुकतो.

मग तरीही विचारता येते की फिल्टरने शिट्टी थांबत असेल तर बिघडले काय? फिल्टर म्हणून आरसीएवर लावतात तो आयसोलेटर म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. तो वर्तुळ तोडतो हे खरे, पण स्वस्त आयसोलेटरचा लहानसा गाभा खालच्या सुरांना पुरत नाही आणि ज्या बाससाठी वूफर घेतला तोच पातळ होतो. फोनच्या ऑक्स वायरीवर, जिथे अर्थ बदलणे आपल्या हातात नसते, तिथे तो लावायला हरकत नाही. मुख्य चिंता वेगळीच आहे. आधी शांत असलेल्या सिस्टीममध्ये काही महिन्यांनी अचानक शिट्टी उमटली, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. तेव्हा लाटा मोठ्या होतात, सूर खाली येऊन घोगरा होतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर एसी व्होल्टेज मोजले आणि ते काही शे मिलिव्होल्ट निघाले, तर गाडी आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. अशा वेळी फिल्टर लावून आवाज दाबला तर बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही हे कळायला गाडी सुरूच न होण्याची वाट पाहावी लागते.