मधपेटी उघडल्यावर राणी शोधू नका, अंडी पाहा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात कांदा भरपूर पिकतो. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे गोंडे फुलू लागले की मधपेटीचे महत्त्व कळते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि ते काम मुख्यतः माश्या करतात. पेटीतली वसाहत दुबळी असेल तर गोंडे दिसायला भरदार, पण बी कमी.

वसाहत कशी आहे हे पेटी उघडल्याशिवाय समजत नाही. नवा पाळक बहुतेक वेळा राणी शोधत बसतो. हजारो माश्यांत ती सापडेपर्यंत चौकटी उन्हात राहतात आणि पिल्ले सुकू लागतात. पेटीत पिल्लांभोवतीचे तापमान माश्या 34 ते 35 अंशांवर धरून ठेवतात. उघड्या पेटीत ते टिकत नाही.

राणी दिसली नाही तरी चालते. ऊन पाठीमागून खांद्यावरून येईल असे उभे राहून चौकट किंचित तिरकी धरली की कोठड्यांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी अंडी दिसतात. पहिल्या दिवशी अंडे उभे असते, मग कलते, तिसऱ्या दिवशी आडवे पडते आणि त्यातून अळी निघते. म्हणजे उभे अंडे दिसले तर राणी कालपर्यंत इथे होती, एवढा पुरावा पुरे.

अंडी किती आणि कुठे आहेत हेही पाहावे. कोठडीच्या तळाशी मधोमध एकच अंडे असेल तर सारे ठीक. एकेका कोठडीत चार-पाच अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, असतील तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालत असण्याची शक्यता मोठी. त्यातून फक्त नर निघतात आणि वसाहत संपत जाते. (नवी राणी सुरुवातीला क्वचित दोन अंडी घालते, तेवढ्याने घाबरू नये.) भुईमुगाच्या शेंगेसारखी, खाली लोंबणारी कोठडी दिसली तर माश्या नवी राणी घडवत आहेत. ती उगाच मोडू नये.

पेटी सकाळी, ऊन चढण्याआधी उघडावी. दारासमोर नव्हे, बाजूला उभे राहावे. धुरासाठी वाळकी गोवरी किंवा गोणपाट चालते. दारात दोन-तीन हलके झोत देऊन मिनिटभर थांबावे. माश्यांचा धोक्याचा इशारा देणारा गंध धुरामुळे झाकला जातो. आधी कडेची चौकट काढून ठेवली की आत जागा होते. मग बाकीच्या सरळ वर उचलाव्यात आणि पेटीवरच धरून पाहाव्यात, म्हणजे राणी पडलीच तर आतच पडेल. शेवटी सर्व चौकटी त्याच क्रमाने परत.

मेलीफेरा माशी वरचेवर तपासणी सहसा सहन करते. आपली देशी सातेरी मात्र फार छेडले तर पेटी सोडून निघून जाते. तिच्याबाबतीत कितीदा उघडायचे यावर हात आखडता घ्यावा. दारातून पराग घेऊन जाणाऱ्या माश्या दिसत असतील तर अनेकदा झाकण उचलण्याची गरजही नसते.

पारनेरसारख्या कोरड्या भागात कांद्याचा बहर सरल्यावर खरी कसोटी लागते. एप्रिल-मेमध्ये फुले तुरळक. अशा वेळी पेटी मागच्या बाजूने किंचित उचलली तरी वजनावरून आतल्या मधाचा अंदाज येतो. हलकी लागली तर साखरेचा पाक संध्याकाळी द्यावा. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. जवळ पाणी ठेवावे, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. शेजारच्या शेतात फवारणी कधी होणार हेही विचारून ठेवावे.

हे सगळे प्रत्यक्ष शिकायचे असेल तर खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे.