पेटर श्टुम्प खटला

पेटर श्टुम्प (अन्य रूपे: पीटर स्टुब, स्टुम्फ, मृत्यू: ३१ ऑक्टोबर १५८९) हा जर्मनीतील कलोन शहराजवळच्या बेडबुर्ग येथील एक शेतकरी होता. लांडग्याचे रूप धारण करून अनेक माणसांचे खून केल्याच्या आरोपावरून त्याला देहदंड देण्यात आला. ‘बेडबुर्गचा लांडगामानव’ या नावाने तो ओळखला जातो. युरोपीय कालविभागणीनुसार ही घटना आधुनिक युगाच्या आरंभीची आहे. भारतीय इतिहासाच्या रूढ विभागणीनुसार मात्र ती मध्ययुगात, दख्खनमधील निजामशाहीच्या काळात येते. खून खरोखर कोणी केले, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

पार्श्वभूमी

बेडबुर्ग हे कलोनच्या धर्मसत्ताक संस्थानात होते. तेथील आर्चबिशप गेबहार्ड ट्रुखसेस याने १५८२ मध्ये प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर १५८३ ते १५८८ या काळात कॅथलिक व प्रॉटेस्टंट पक्षांमध्ये युद्ध झाले. लूटमार करणाऱ्या सैन्यांमुळे हा मुलूख उजाड झाला. बेडबुर्गचा प्रॉटेस्टंट पक्षाचा सरदार पराभूत होऊन तेथे कॅथलिक सत्ता प्रस्थापित झाली. याच अस्थिर काळात गुरे फाडलेली सापडणे, मुले व स्त्रिया नाहीशा होणे, शेतात छिन्नविच्छिन्न प्रेते आढळणे असे प्रकार घडल्याचे तत्कालीन पत्रकांत म्हटले आहे. लोकांनी हे कृत्य एका अतिक्रूर लांडग्याचे मानले.

अटक आणि कबुलीजबाब

पत्रकातील वृत्तांतानुसार, शिकाऱ्यांनी कुत्र्यांसह लांडग्याला घेरले असता त्याच्या जागी श्टुम्प उभा असलेला दिसला. लांडग्याचा डावा पंजा तुटला होता व श्टुम्पलाही डावा हात नव्हता, अशीही एक दंतकथा आहे.

यातनायंत्रावर ताणण्याची धमकी मिळताच श्टुम्पने गुन्हा कबूल केला. सैतानाने आपणास एक जादूचा कमरपट्टा दिला. तो बांधला की आपण लांडगा होतो व सोडला की पुन्हा माणूस होतो, असे त्याने सांगितले. पंचवीस वर्षांच्या काळात १४ मुले व दोन गर्भवती स्त्रिया यांना मारल्याचे त्याच्या तोंडून वदवण्यात आले. त्या मुलांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. पट्टा टाकून दिल्याची जागा त्याने दाखविली, परंतु तेथे काहीच सापडले नाही. न्यायाधीशांनी यावरून कबुलीविषयी शंका घेतली नाही. सैतानाने आपली वस्तू परत नेली, असा अर्थ लावला गेला.

शिक्षा

२८ ऑक्टोबर १५८९ रोजी निकाल लागला व तीन दिवसांनी त्याची अंमलबजावणी झाली. श्टुम्पला चाकावर बांधून तापलेल्या चिमट्यांनी त्याचे मांस तोडण्यात आले, हातपाय मोडण्यात आले व नंतर शिरच्छेद करून देह जाळण्यात आला. त्याची मुलगी व त्याच्यासोबत राहणारी स्त्री यांनाही सहअपराधी ठरवून त्याच दिवशी जाळण्यात आले. पुढे एका खांबावर चाक, लांडग्याची आकृती व त्यावर श्टुम्पचे शिर लावून ते लोकांच्या दहशतीसाठी उभे करण्यात आले.

ऐतिहासिक साधने

या खटल्याचे मुख्य साधन म्हणजे १५९० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेले इंग्रजी पत्रक होय. ते एका जर्मन पत्रकाचे भाषांतर असल्याचे सांगितले जाते. मूळ जर्मन पत्रक आज उपलब्ध नाही. इंग्रजी पत्रकाच्या दोनच प्रती शिल्लक आहेत. कलोनचा नागरिक हेर्मान फॉन वाइन्सबेर्ग याच्या रोजनिशीत तसेच काही सचित्र जर्मन पत्रकांत या घटनेचा उल्लेख आहे. बेडबुर्गच्या चर्चमधील नोंदवह्या तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) नष्ट झाल्या. त्यामुळे मृतांची नावे वा संख्या स्वतंत्रपणे पडताळता येत नाही.

अन्वयार्थ

या प्रकरणाची तीन प्रकारे उपपत्ती लावली जाते. पहिलीनुसार श्टुम्प हा खरोखरच क्रमाने खून करणारा मनुष्य होता. दुसरीनुसार काही बळी खऱ्या लांडग्यांचे व काही भटक्या सैनिकांचे असावेत. तिसरीनुसार हा खटला राजकीय स्वरूपाचा असून नव्या कॅथलिक सत्तेने त्याद्वारे प्रॉटेस्टंटांवर जरब बसविली. तिन्ही उपपत्तींपुढे अडचण एकच आहे: उपलब्ध पुरावा म्हणजे केवळ यातनेच्या भयाने दिलेला कबुलीजबाब. अशा कबुलीतून आरोपीला काय माहीत होते यापेक्षा विचारणाऱ्याला काय ऐकायचे होते, हेच अधिक कळते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या तरतुदीचे महत्त्व अशा खटल्यांवरून ध्यानी येते.

भारतातील समांतर घटना

१९९६ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतापगढ, सुलतानपूर व जौनपूर या जिल्ह्यांत लांडग्यांनी अनेक लहान मुलांना उचलून नेले. त्या वेळी ‘मनई’ म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा माणूस फिरत असल्याची अफवा पसरली आणि संशयावरून जमावांनी निरपराध माणसांचे बळी घेतले. यादवेंद्रदेव झाला यांच्या अभ्यासातून हे हल्ले लांडग्यांचेच असल्याचे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरासह माळरानांवर लांडगा आढळतो. त्याचा उपद्रव प्रामुख्याने शेळ्यामेंढ्यांना होतो. म्हणून धनगर रात्री कळप वाघुरीत कोंडून कुत्र्यांची राखण ठेवतात. माणसांवरील हल्ले विरळ आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये लांडग्याला संरक्षण आहे, तर जादूटोण्याच्या नावाखाली होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध राज्यात २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे.

हेही पाहा

लांडगा
चेटूक
अंधश्रद्धा निर्मूलन