घराचे काम निघाले, तरी कात्री-कागद बाहेरच ठेवा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे जुने लोक सांगून गेले. राहत्या घराची दुरुस्ती त्यांनी या म्हणीत का घातली नाही, कोण जाणे! नवे घर बांधताना निदान जुन्या घरात चूल पेटत असते. राहत्या घरात काम निघाले की न्हाणीघराच्या फरशा उखडलेल्या, स्वयंपाक गॅलरीत, कपाटातले सामान पलंगावर आणि पलंगावरची माणसे हॉलमध्ये, अशी अवस्था होते. गवंडी 'आठ दिवसांत मोकळे करतो' म्हणतो आणि दीड महिना जातो. त्यात घरच बदलायचे असेल, तर बोलायलाच नको.

नाशिककरांना हे चित्र नवीन नाही. पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. ओसरी, माजघर, कोनाडे, लाकडी जिना यांत पिढ्या काढलेली कुटुंबे गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको अशा भागांतल्या फ्लॅटमध्ये जातात. भांडीकुंडी टेम्पोत भरता येतात. ज्या ओसरीवर बसून आजीने तीस-चाळीस वर्षे वाती वळल्या, ती ओसरी मात्र टेम्पोत चढत नाही.

घर हलण्याचा प्रकृतीवर परिणाम होतो का? होतो. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांचा एक तक्ता प्रसिद्ध केला आणि प्रत्येक घटनेला मनावर येणाऱ्या ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते. घर बदलण्याला अवघे २०. वाचून हायसे वाटेल. पण घर बदलणे कधी एकटे येत नाही. राहण्याच्या परिस्थितीत बदल, २५. झोपेच्या सवयीत बदल, १६. खाण्यापिण्याच्या सवयीत बदल, १५. बेरीज झाली ७६. घरासाठी मोठे कर्ज काढले असेल तर त्याचे ३१ मिळवा. म्हणजे १०७! हा तक्ता त्या काळच्या अमेरिकन माणसांवरून केलेला आहे, त्यामुळे वाण्याच्या हिशेबासारखा तो धरू नये. पण घरातली बाई सामान बांधता बांधता भांड्यांवर राग का काढते, वडिलांचा रक्तदाब याच महिन्यात का वाढतो, मधुमेहाच्या रुग्णाची साखर का चढते आणि रात्री दोन वाजता सगळे टक्क जागे का असतात, याचा उलगडा त्यावरून होतो.

अशा वेळी पहिली गदा येते ती छंदावर. शिवणयंत्रावर चादर पडते, हार्मोनियम खोक्यात जाते, कुंड्या शेजाऱ्यांकडे जातात. 'घर लागले की बघू' असे म्हणतात, आणि नेमक्या ज्या दिवसांत मनाला विसावा हवा, त्याच दिवसांत तो नाहीसा होतो. म्हणून आजचा विषय कागदकामाचा. घड्या घालणे, कातरणे, चिकटवणे. याला खोली लागत नाही, वीज लागत नाही, ओटाही लागत नाही. मांडीवर एक पाट आणि हातात एक कागद पुरे. शिवाय विस्कटलेल्या घरात एकही काम पुरे होत नसताना, वीस मिनिटांत काहीतरी पूर्ण झालेले हातात येते. बेत कोलमडलेल्या माणसाला याचे किती बरे वाटते, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

हे केवळ वाटण्यापुरते नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटे हवे ते करू दिले: रंगीत पेनांनी चित्र काढा, मातीकाम करा, नाहीतर कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करा. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते घटले होते. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांत फारसा फरक दिसला नाही, हे विशेष. माणसे थोडी होती, नुसते स्वस्थ बसवलेल्या लोकांशी तुलनाही केलेली नव्हती, म्हणून त्याला औषधाचा दर्जा देऊ नये. पण 'मला कुठे चित्र काढता येते' ही सबब मात्र त्याने निकालात काढली.

आजारपण आणि घरबदल दोन्ही एकदम आले असताना कागदाने सावरलेला एक मोठा माणूस म्हणजे फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस. १९४१ साली पोटाच्या कर्करोगावर त्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत. १९४३ मध्ये महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने त्याला नीस शहरातले घर सोडून जवळच्या वाँस गावी बिऱ्हाड हलवावे लागले. चित्रफळीसमोर तासन्‌तास उभे राहणे आता शक्य नव्हते. मग सहायकांकडून कागद रंगवून घ्यायचे आणि कात्रीने थेट आकार कापायचे, असे त्याने सुरू केले. कापलेले आकार भिंतीवर टाचण्यांनी लावून ते हवे तसे हलवले जात. त्यातून १९४७ साली 'जाझ' हे पुस्तक निघाले, आणि आज त्याची ही कातरणे त्याच्या तैलचित्रांच्या तोडीची मानली जातात. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते.

आपल्याकडे याचे नाव घेताच डॉ. अनिल अवचट आठवतात. शिक्षणाने डॉक्टर, पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक, आणि ओरिगामीचे वेडे. २०२२ साली ते गेले, पण त्यांचे 'छंदांविषयी' हे पुस्तक अजून वाचले जाते. व्यसनाशी आयुष्यभर झुंजणाऱ्या माणसाने छंदाला इतके महत्त्व द्यावे, याची नोंद आपण घ्यायला हवी.

ओरिगामी हा शब्द जपानी, पण कागदाला घडी घालणे आपल्याला काही परके नाही. जुन्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवा. खलातली पूड चौकोनी कागदांवर सारखी वाटून तो ज्या झटकन पुड्या बांधायचा, त्या ओरिगामी नव्हत्या तर काय होत्या? चणेवाल्याची निमुळती पुडी, दिवाळीतला पतंगी कागदाचा आकाशकंदील, बाळाच्या बारशाच्या पताका. येवल्याला तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खे गाव गच्चीवर असते. कामट्या आणि कागद यांचे पतंग आणि आसारी घराघरांतून. नाशिकरोडची तर गोष्टच वेगळी. सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासूनची नोट प्रेस यांमुळे कागदावर संसार उभा राहिलेली कितीतरी घरे तिथे आहेत.

आता घर हलवताना नेमके काय करावे? आमच्या मते सर्वांत उपयोगी कागदकाम म्हणजे नव्या घराचा कागदी नकाशा. चौकटीचा कागद घ्या, एक फुटाला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरा आणि खोल्या आखा. दारे कुठल्या बाजूला उघडतात तेही दाखवा. मग जाड कागदातून, जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, पलंग, कपाट, फ्रिज, देव्हारा यांचे तुकडे त्याच प्रमाणात कापा. सहा बाय पाच फुटांचा पलंग म्हणजे सहा बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा. सगळ्यांनी बसून ते हलवून पाहावे. सोळा सेंटिमीटर लांबीच्या हॉलमध्ये जुना झोपाळा मावत नाही, हे कागदावर कळले तर भांडण कागदावरच मिटते. तिसऱ्या मजल्यावर हमालांच्या डोक्यावर झोपाळा असताना कळले, तर मिटत नाही.

या नकाशात आजी-आजोबांना आवर्जून घ्या. त्यांच्या देव्हाऱ्याचा तुकडा त्यांनाच ठेवू द्या. आणि एक गोष्ट विसरू नका: त्यांच्या पलंगापासून संडास-न्हाणीपर्यंतची रात्रीची वाट लाल कागदाच्या पट्टीने त्यावर चिकटवा. वाटेत उंबरा आहे का, दिव्याचे बटण कोणत्या हाताला, मध्ये खोके किंवा टीपॉय येतो का, हे पाहा. चाळीस वर्षे ज्या घरात अंधारातही पाऊल चुकले नाही, ते सोडून आलेल्या वृद्धाला नव्या घरातले पहिले पंधरा दिवस धोक्याचे असतात. रात्री उठताना दिशा चुकते, पाय अडखळतो. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, काही जण पुन्हा पहिल्यासारखे चालतच नाहीत. सामान उतरवताना आधी ही लाल पट्टीची वाट मोकळी करावी, बाकीची खोकी मागाहून. इमारतीत शिरताना पायऱ्या असतील तर त्यांच्या उभ्या बाजूला भडक कागदाची पट्टी लावली तरी नजर अधू झालेल्यांना पायरी उमजते. पाय ठेवायच्या आडव्या भागावर कागद मुळीच लावू नये, घसरायला होते.

लग्नपत्रिका उरल्या असतील तर औषधांचे पाकीट करा. एका लांब पट्टीवर तीन कप्पे: सकाळ, दुपार, रात्र. गोळ्या पट्टीतून सोडवून ठेवू नयेत, पट्टीचाच तुकडा कापून ठेवावा. नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्यावा. हे पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी खोक्यात न टाकता घरातल्या एका माणसाच्या खांद्याच्या पिशवीत असावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज बंद करण्याच्या आदल्या दिवशीच ते शेजारी कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचे याची सोय लावावी.

मुलांचे काय? मुलांना तर घर सुटते तेव्हा मित्रही सुटतात, आणि ते बोलून दाखवत नाहीत. पोट दुखते म्हणतात. त्यांना जुन्या घराचे कागदी रूप करायला द्या. बिस्किटाच्या पुड्याचे खोके, त्याला दार, खिडकी, गॅलरीतली तुळस. मित्रांसाठी पाकिटे करून त्यावर नवा पत्ता लिहायला सांगा. कात्री बोथट टोकाची द्यावी, ब्लेड मोठ्यांच्याच हाती असावे.

मात्र हे काम कुठे बसून करायचे याला फार महत्त्व आहे, आणि याबाबत बहुतेक घरांत हयगय होते. जुन्या दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडून काढताना जी पूड उडते, तिच्यात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही ऑइलपेंटबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गर्भावर शिशाचा वाईट परिणाम होतो, आणि तो दिसून येत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारणाऱ्या रंगाऱ्याशेजारी बसून मूल घड्या घालते आहे, घडी नीट बसावी म्हणून बोट जिभेला लावते आहे, हे चित्र टाळायलाच हवे. रंग खरवडण्यापूर्वी पाण्याने ओला करावा, पूड केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, मुलांना आणि गर्भवतीला त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवता आले तर उत्तमच. फरशी कापण्याची धूळही फुप्फुसांना वाईट. दम्याच्या रुग्णाने कापणी चालू असताना घराबाहेर जावे. सफेदीचा चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर डोळा न चोळता किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

कागद, कात्री, डिंक यांच्यासाठी झाकणाचा एक डबा ठेवावा आणि सामान बांधणाऱ्यांना तो दाखवून ठेवावा, नाहीतर पहिल्याच खोक्यात जातो. माळ्यावरचे जुने कागद वापरण्यापूर्वी उन्हात घालून झटकावे. बुरशी आणि कसर यांमुळे शिंका, खाज, दमा बळावतो. झटकताना नाकाला रुमाल बांधावा. कणकेची खळ केली तर झुरळे येतात म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या घरात ते नको, त्या दिवसापुरती ताजी खळ शिजवावी.

शेवटी उरते ती रद्दी. घर आवरताना ती ढिगाने निघते. पूर्वी आपल्या आज्या रद्दी दोन-तीन दिवस भिजवून कुटायच्या, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायच्या आणि पालथ्या पातेल्यावर तो लगदा थापून टोपल्या करायच्या. मेथीने लगदा चिकट होतो आणि किडीचा त्रास कमी होतो. कुटण्याचे काम दंडांना चांगला व्यायाम देते, राग काढायलाही बरे. अशा टोपलीत किल्ल्या, वाती, लोकर ठेवावी. छापील शाईमुळे खाण्याचे पदार्थ मात्र ठेवू नयेत. वर्तमानपत्रात अन्न बांधू नये असे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ सालीच सांगितले आहे. टोपली वाळायला कडक उन्हातही काही दिवस लागतात. पातेल्यावरून ती अर्धवट ओली असताना काढू नये, बसते. आणि पावसाळ्यात घर बदलत असाल तर हा उद्योग दिवाळीनंतरवर टाका, लगदा बुरशी धरतो.