जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीची सीट

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या सलग बाकाऐवजी नव्या गाडीच्या दोन सुट्या सीट बसवाव्यात, असे अनेक हौशी मालकांना वाटते. भंगार बाजारात सीट सहज मिळतात. खरे काम असते ते खालच्या पत्र्याचे.

प्रत्येक मॉडेलच्या सीटच्या पट्ट्या आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर वेगळे असते. पद्मिनीचे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टसाठी तळाच्या मधोमध उंचवटा असतो. त्यावर रुंद सीट अडते. म्हणून आधी मापे घ्यावीत: पट्ट्यांमधले अंतर, उंचवट्यापासून दारापर्यंतची जागा, बसल्यावर डोके आणि छत यांतले अंतर.

नवी भोके पाडायची तर मॅट उचलून गंज तपासावा. गंजका पत्रा आधी बदलावा. बोल्टखाली नुसता वॉशर पुरत नाही. पत्र्याच्या खालून जाड पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे धक्क्याचा भार पसरतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे असावेत. काही नव्या सीटना सीटबेल्टचे बक्कल सीटलाच जोडलेले असते. अशा वेळी अपघातात माणसाचा भारही त्याच बोल्टवर येतो.

कडेला एअरबॅग असलेली सीट टाळावी. जुन्या गाडीत ती चालवणारी यंत्रणाच नसते.

आसनसंख्या आरसीवर नोंदलेली असते, ती बदलू नये. काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे.