अपडाऊनवाल्यांचं वेळापत्रक

सकाळचे पावणेसहा. शिरूर अनंतपाळचं स्टँड. चहावाल्याने नुकताच गॅस पेटवलाय, कुत्री अजून बाकाखाली झोपलेली आहेत, आणि आपण मात्र आंघोळ करून, डबा भरून, सॅक पोटाशी धरून उभे. तुम्हीही ‘अपडाऊन’ करत असाल तर पुढचा प्रश्न तुम्हाला पाठ असेल. कुणीतरी लगबगीनं येतं आणि विचारतं, "लातूर गेली का?"

"गेली" हे उत्तर आलं की पोटात गोळा. "नाही गेली" म्हणजे अजून आशा आहे. पण सगळ्यात वाईट तिसरं उत्तर. "काय माहीत बाई, आज येती का न्हाई." कारण गाडी गेलीच असेल तर माणूस निदान दुसरा मार्ग शोधतो. येणार की नाही हेच ठाऊक नसेल तर काळीपिवळीत बसायचं धाडस होत नाही. आपण जीपमध्ये बसलो आणि मागून रिकामी एसटी आली तर? खिशात पास असताना वर जीपचे पैसे का द्यायचे? या हिशेबात अर्धा तास जातो. तोवर जीपही भरून निघून जाते.

मी हे तीन वर्षं केलं. लातूरला पदवीला होते तेव्हा, आणि आता इंटर्नशिपलाही तेच चालू आहे. रेल्वे आमच्या गावाला नाही. निलंगा, उदगीर, लातूर, कुठेही जायचं तर रस्ताच. साकोळचे, येरोळचे, उजेडचे, हालकीचे, आम्ही सगळे एकाच माळेचे मणी. उजेडची एक मैत्रीण नेहमी म्हणायची, "आमच्या गावाचं नाव उजेड, पण मी निघते तेव्हाही अंधार आन् पोचते तेव्हाही अंधारच."

लातूर म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. बाहेरच्या जिल्ह्यांतून मुलं येतात, रूम घेतात, मेस लावतात, क्लास लावतात. त्यांच्या यशाचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात. त्याच शहरात रोज सकाळी एसटीतून उतरून, धूळ झटकत कॉलेजकडे पळणारी जिल्ह्यातलीच पोरं त्या फ्लेक्सवर क्वचित दिसतात. रूम-मेसचा खर्च परवडत नाही म्हणूनच तर अपडाऊन. मग दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर आणि स्टँडवर. ज्या वेळेत रूमवरचा मुलगा दोन धडे संपवतो, त्या वेळेत आपण एका पायावर उभे राहून वरची दांडी धरलेली असते. कॉलेज मात्र दोघांकडूनही ७५ टक्के हजेरीच मागतं. "गाडी आली नाही" हे कारण हजेरीपत्रकात लिहायला रकाना नसतो.

दुसऱ्या वर्षाला माझी एक अंतर्गत चाचणी अशीच हुकली. पहिली फेरी आली नाही, दुसरी गच्च भरून न थांबता गेली. मी पोचले तेव्हा सगळे पेपर देऊन बाहेर येत होते. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एक गाडी आधीची पकडायची ना." मॅडम, आधीची म्हणजे आदल्या दिवशीची का? हे तोंडावर आलं होतं, गिळलं. पुन्हा परीक्षा घेतली त्यांनी, पण पुढे महिनाभर ‘कारणं सांगणारी मुलगी’ हा शिक्का बसला तो बसलाच.

आता थोडं पैशांचं, कारण पासाबद्दल आपल्यातच खूप गोंधळ आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. बारावी झाली की ही सोय संपते. म्हणजे जिथे अंतर वाढतं, गावातलं किंवा शेजारच्या गावातलं कॉलेज सोडून शहर गाठावं लागतं, नेमकं तिथेच मोफत थांबतं. पुढे मुलगा असो की मुलगी, विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. सोप्या भाषेत, दहा दिवसांचं येण्याजाण्याचं भाडं भरा आणि महिनाभर फिरा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्याच साध्या प्रवासात अर्धं तिकीट झालं, त्यामुळे मुलींपुढे एक नवीन गणित आलं. समजा तुमचं कॉलेज पन्नास किलोमीटरवर आहे. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे नऊ टप्पे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. एका बाजूचे नव्वद, पास अठराशेच्या आसपास. अर्ध्या तिकिटाने रोजचे नव्वद. म्हणजे महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त गेलात तरच पास स्वस्त. परीक्षेच्या, सुट्ट्यांच्या महिन्यात पास काढण्याआधी बोटं मोजा. मुलांना हा पर्याय नाही, त्यांना पासच. अठराशे रुपये म्हणजे काय, हे ज्याच्या घरी सोयाबीनचा भाव पडलाय त्याला विचारा.

आणि हा विषय आपल्या जिल्ह्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१५ सालच्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आपलं आयुष्य संपवलं. महिन्याच्या पासाचे २६० रुपये घरात नव्हते. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी त्यानंतर तिच्या नावाने योजना जाहीर केली, दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास देणारी. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या घरात दोन दिवस त्याचीच चर्चा होती आणि आजी एवढंच म्हणत होती, "अगं, कुणाला तरी मागायचे की." पण मागायची लाज काय असते, हे पास संपलेल्या दिवशी वाहकासमोर उभं राहिल्यावर कळतं. असं काही मनात येत असेल तर, खरंच, आधी कुणाशी तरी बोला. मैत्रिणीशी, सरांशी, अगदी वाहकाशीसुद्धा. पासाचे पैसे उसने मिळतात.

संध्याकाळचं तर वेगळंच. मुलींसाठी शेवटची गाडी म्हणजे घरातल्या परवानगीची मुदत. माझी एक मैत्रीण (नाव लिहू नको म्हणालीय) पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आली होती. त्या पावसाळ्यात तीन वेळा संध्याकाळची गाडी रद्द झाली. तिसऱ्या वेळी ती रात्री साडेनऊला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी पोचली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी आरडाओरडा केला नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "बाहेरून परीक्षा दे की." ती आता बाहेरून बसते. तिला कुणी शिकायला बंदी केलेली नाही. फक्त लॅब, लायब्ररी आणि आमचा शेवटचा बाक तेवढे सुटले.

राग कुणावर काढायचा, हा प्रश्न मलाही पडतो. वाहक-चालकांवर? ज्यांच्याशी आपण भांडतो ते पहाटे मुक्कामी गाडीत झोपून उठलेले असतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस विलीनीकरणाच्या मागणीसाठी त्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मी तेव्हा बारावीला होते. कोरोनानंतर कॉलेज उघडलं आणि गाड्या बंद झाल्या. तेव्हा चिडले होते, आज त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांच्या बातम्या वाचल्यावर तेवढी चीड येत नाही. कोरोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर हा आकडा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या की आधी कुठल्या फेऱ्या कापल्या जात असतील? पुणे-मुंबईच्या नक्कीच नाही.

गंमत म्हणजे सरकारी बस या भागाला उर्वरित महाराष्ट्राच्या आधी माहीत झाली. पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली. पण आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनिशी सरकारी वाहतूक सुरू केली होती. त्या २७ पैकी एखादी कधी आमच्या बाजूला फिरकली का, कुणास ठाऊक.

मग करायचं काय? व्हॉट्सॲप स्टेटसवर ‘लालपरी’च्या नावाने बोटं मोडून काही होत नाही, हे मी करून पाहिलंय. फेरी सुरू करणं, वेळ बदलणं हे आगार पातळीवरून पुढे जातं आणि तिथे कागद लागतो. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. त्यामुळे गावनिहाय पासधारकांची यादी करा, कॉलेजची वेळ आणि गाडीची वेळ शेजारी शेजारी लिहा, प्राचार्यांचं पत्र आणि जमलं तर ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. फेरी रद्द झालेल्या तारखा वहीत लिहून ठेवा. "सारखी रद्द होते" यापेक्षा "या महिन्यात या सहा तारखांना आली नाही" हे वाक्य साहेबांना जास्त टोचतं. आणि अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. २०२५ च्या जूनपासून पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची मोहीम महामंडळाने हाती घेतली आहे. तुमच्या कॉलेजात अजूनही पासासाठी तास बुडवून रांग लावावी लागत असेल तर हेही त्याच अर्जात लिहा.

आम्ही ४३ जणांनी सह्या केल्या होत्या. कुठल्या आगारात अर्ज दिला ते लिहीत नाही, तिथल्या वाहतूक नियंत्रकांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहाही पाजला. मागण्या दोन होत्या. सकाळची गाडी वीस मिनिटं आधी सोडायची आणि संध्याकाळची रद्द करायची असेल तर दुपारी चारपर्यंत फलकावर लिहायचं. सकाळची वेळ पंधरा दिवसांत बदलली. फलकावर मात्र अजून खडूने एकच ओळ लिहिलेली दिसते, तीही गेल्या दिवाळीच्या जादा गाड्यांची. मैत्रिणीला सकाळच्या गाडीचं कळवलं तर तिचा लगेच मेसेज आला, "आन् संध्याकाळची?"