भूल दुपारी जास्त टिकते

दाढ काढण्याआधी हिरडीत टोचले जाणारे लिग्नोकेन दिवसभर सारखेच टिकत नाही. फ्रेंच संशोधक अलाँ रेनबर्ग आणि त्यांचे सहकारी रेस यांनी १९७७ मध्ये हे मोजून दाखवले. दुपारी तीनच्या सुमारास आलेला बधिरपणा सकाळच्या मानाने दुपटीहून जास्त वेळ राहिला.

टेमघरच्या रस्त्यावरील मुठा गावातला शेतकरी सकाळी गोठ्याचे आवरून पिरंगुटला दाढेसाठी जातो. खालच्या दाढेसाठी डॉक्टर जबड्याच्या आतल्या बाजूने सुई देतात आणि काही मिनिटे थांबतात. अर्धा ओठ जड झाला, हनुवटीला मुंग्या आल्या, की टोकदार हत्याराने हिरडी टोचून पाहतात. दाबल्याचे कळते, दुखत मात्र नाही. औषधाने मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग बंद केलेले असतात. सोबतचे ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून औषध जागेवरून लवकर वाहून जात नाही.

औषध जागेवर किती वेळ राहील हे तिथल्या रक्तप्रवाहावर आणि मज्जातंतूच्या आवरणावर ठरते. वेदना किती सोसवते हेही दिवसभरात बदलते. रक्तात उतरलेले लिग्नोकेन मोडण्याचे काम पुढे यकृताचे. त्याचा रक्तपुरवठा सकाळी जास्त असतो. पण यकृताच्या वेगाने हिरडीतला बधिरपणा ठरत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते. विषबाधेलाही वेळ असते: १९६७ मध्येच उंदरांवर झालेल्या प्रयोगात लिग्नोकेनने येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण वेळेनुसार फार बदलले. उंदीर मात्र निशाचर. त्याचे वेळापत्रक माणसाला लावता येत नाही. पिरंगुटच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचे शरीरही भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतेच असे नाही.

म्हणून मात्रा घड्याळ पाहून ठरत नाही. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची नेहमीची कमाल मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम, ती पहाटे आणि दुपारी तीच. शिवाय सुई नेमकी कुठे लागली याचा परिणाम वेळेपेक्षा मोठा. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि भूल नीट चढत नाही, मग दुपारचे तीन वाजलेले असोत.

दाढ साधी किडलेली असेल आणि सवड असेल, तर दुपारची वेळ मागून घ्यावी. गाल सुजला असेल, ताप असेल, तर मिळेल त्या वेळी जावे. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत गरम चहा घेऊ नये आणि काही चावू नये. ओठ भाजला किंवा चावला गेला तरी तेव्हा कळत नाही.