शिंकांवरची गोळी निवडताना

पाऊस ओसरू लागला की रस्त्याकडेचे गवत आणि गाजरगवत फुलोऱ्यावर येते, ओल्या भिंतींवर बुरशी धरते आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते. सकाळी उठताच लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना खाज. ताप मात्र नाही. ऋतुबदलाची ॲलर्जी बहुधा अशीच असते.

अशा वेळी घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानातून ‘सर्दीची गोळी’ घेऊन येते. माझ्या 72 वर्षांच्या एका रुग्णाने तेच केले. शिंका थांबल्या, परंतु तिसऱ्या रात्री लघवी पूर्णपणे अडली आणि नळी घालावी लागली. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती. दुकानात ते कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

सर्दीच्या अशा मिश्र गोळीत बहुधा तीन औषधे असतात. क्लोरफेनिरामिन शिंका थांबवते; पण त्याने झोप येते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडू शकते आणि वृद्धांना भ्रम होऊ शकतो. रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत ते डोळ्यांनाही घातक ठरते. दुसरे फिनाइलेफ्रिन, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ते टाळावे. तिसरे पॅरासिटामॉल, ॲलर्जीत त्याची गरजच नसते, आणि अंगदुखीसाठी तीच गोळी वेगळी चालू असेल तर नकळत मात्रा दुप्पट होते.

म्हणून ॲलर्जीसाठी एकच औषध असलेली गोळी निवडावी. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन यांनी झोप फारशी येत नाही. सेटिरिझिनने काहींना गुंगी येते, म्हणून ती रात्री घेणे बरे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास या तिन्हींची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी. फळांच्या रसाने तिचा गुण कमी होतो; आम्लपित्ताचे औषध आणि ही गोळी यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

नाक चोंदल्यावर झायलोमेटाझोलिनचे थेंब क्षणात आराम देतात. मात्र ते तीन-चार दिवसांपलीकडे वापरले, तर औषध उतरताच नाक अधिकच चोंदते आणि थेंबांची सवय जडते. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब निर्धास्तपणे वापरता येतात. तक्रार आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी असतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नियमित घ्यावा लागतो, कारण पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. घरातल्या ज्येष्ठांच्या सर्व औषधांची यादी कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि दुकानात प्रथम ती दाखवा. ज्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल, ते औषध चिठ्ठीवाचून घेऊ नका. शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी आपल्याला मानवेलच असे नाही.

दम लागणे, छातीत घरघर, ताप, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा दुर्गंधी स्राव, लघवी अडणे अथवा एकाएकी आलेला गोंधळलेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. शिंका चार दिवस उशिरा थांबल्या तरी चालते. पडून मोडलेले खुब्याचे हाड मात्र अनेकदा माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवते.